स्टेजसाठी तांब्या-चांदीचं गळ्यातलं: कामाच्या नोंदी

९ जून

काम पक्कं झालं. एका डान्सरसाठी गळ्यातलं करायचंय, स्टेजवर घालायला, सोलो ऑगस्टच्या शेवटी आहे. ती भरतनाट्यम शिकलेली, आता स्वतःची कोरिओग्राफी करते, आणि तिला टेम्पल ज्वेलरीचा सेट अजिबात नकोय कारण तो घातला की लोक बसल्या बसल्या ठरवून टाकतात की आता काय बघायला मिळणार. तिच्या अटी सगळ्या कामाच्या आहेत, म्हणून इथे लिहून ठेवते. शेवटच्या रांगेतून दिसलं पाहिजे, वाजता कामा नये, केसात किंवा कपड्यात अडकता कामा नये, घामाने कातडीला हिरवं लागता कामा नये, विंगेत एकटीला घालता-काढता आलं पाहिजे आणि वजन १५० ग्रॅमच्या आत.

तिची आई सोबत होती. त्यांनी पहिलंच विचारलं, किती ग्रॅमचं होणार आणि मोडीत किती येतील? मला हा प्रश्न आवडतो, मनापासून सांगते. आपल्याकडे बाईच्या अंगावरचा दागिना हीच तिची हक्काची पुंजी होती, अडीनडीला तोच उभा राहायचा, त्यामुळे मोड विचारणं हा शहाणपणा आहे. पण तांब्याला मोड नाही, आणि मी जे करते त्यातला मोठा भाग हातकामच असतो, तो मोडीत निघत नाही. काकूंना म्हटलं, बिल करताना सगळं वेगवेगळं लिहून देते, मग बघा तुम्ही.

११ जून

मापं घेतली. टेप लावून उभं करून घेतलेली मापं इथे उपयोगाची नव्हती, म्हणून ती नाचत असतानाच घेतली. हात वर गेला की खांदा जवळजवळ कानापर्यंत येतो, कॉलरबोन वर सरकतं, मान वळवली की एका बाजूला गळ्याची शीर उभी राहते आणि दुसऱ्या बाजूला खळगा पडतो. म्हणजे खांद्याच्या सांध्यावर काही टेकलं तर ते पहिल्या अडव्यालाच (भरतनाट्यमच्या पदन्यासाला) उडणार. दागिना छातीच्या वरच्या हाडावर आणि मानेच्या मागे, एवढ्या दोनच ठिकाणी टेकवायचा, बाकी सगळं अधांतरी.

१३ जून

आज हाताने काही केलं नाही, आर्ट स्मिथ या ज्वेलरच्या कामाचे फोटो घेऊन बसले. हा माणूस मला कायम पहिला आठवतो. १९१७ मध्ये क्यूबात जन्म, आई-वडील जमैकाचे, वाढला ब्रुकलिनमध्ये, कूपर युनियनमध्ये शिकला, विनिफ्रेड मेसन नावाच्या कृष्णवर्णीय ज्वेलर बाईच्या हाताखाली काम केलं आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये कॉर्नेलिया स्ट्रीटवर स्वतःचं दुकान टाकलं. तिथे वर्णद्वेषातून त्रास झाला म्हणून वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर गेला आणि पुढची कितीतरी वर्षं तिथेच काम केलं. त्याने टॅली बीटी, पर्ल प्रायमस यांच्या डान्स कंपन्यांसाठी दागिने केले आणि स्टेजमुळे त्याचा आकाराचा अंदाजच बदलला, लांबून दिसायला हवं म्हणजे रेषा मोठी हवी, मधली मोकळी जागा मोठी हवी. धातू बराचसा तांबं आणि पितळ.

त्याचं म्हणणं असं की दागिना टेबलावर पडलेला असतो तेव्हा तो पुरा झालेलाच नसतो, अंगावर चढला की मगच कळतं तो काय आहे. त्याच्या गळ्यातल्यांकडे बघा, तार कुठून निघून कुठे वळते हे मानेशिवाय समजतच नाही. त्याच काळातली सॅन फ्रान्सिस्कोची ज्वेलर मार्गारेट डी पाटा मला खूप मोठी वाटते, मोहोली-नॉज या कलाशिक्षकाकडे शिकून तिने खड्यांच्या आतून दिसणाऱ्या रेषांचे जे खेळ केले तसं कुणी केलं नाही, पण तिची सुरुवात खड्यापासून होते आणि स्मिथची शरीरापासून. या कामाला स्मिथच हवा.

१४ जून

कागदी फर्मे कापून बस्टवर लावले. तीन तुकडे ठरले. डावीकडे एक लांब पंख, कॉलरबोनच्या वरून जाऊन खांद्याच्या अलीकडे थांबणारा, उजवीकडे आखूड आणि रुंद, मध्ये एक जोडणारा, गळ्याच्या खळग्याच्या थोडा डावीकडे सरकवलेला. मधोमध ठेवला तर पदक वाटतं.

क्षेत्रफळ साधारण १६० चौरस सेंमी. ०.८ मिमी तांब्यात ११५ ग्रॅमच्या आसपास. मानेमागे आतून चांदीची पट्टी येणार, तिचे १९ ग्रॅम धरले, म्हणजे १३४.

सहज म्हणून सोन्याचा हिशेब करून बघितला. हाच आकार, हीच जाडी २२ कॅरेटमध्ये घडवली तर २५ तोळ्यांच्या वर जातो, पाव किलो, आणि ते घेऊन कुणी उडी मारू शकत नाही. खिशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा दागिना सोन्यात होऊच शकत नाही. १९६७ मध्ये नेदरलँड्समध्ये खाइस बाकर आणि एमी व्हान लेर्सम या डिझायनर जोडीने खांद्यांपर्यंत येणाऱ्या मोठ्या कॉलर केल्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या, यात सगळं आलं. अ‍ॅल्युमिनियममध्ये हा माझा तुकडा ४० ग्रॅमच्या आत बसला असता. पण मला मठाराचा (हातोडीच्या ठोक्यांनी उमटणाऱ्या खुणांचा) उजेड हवाय आणि तो तांब्यावर जसा येतो तसा दुसऱ्या कशावर येत नाही.

१९ जून

तांबट आळीत गेले, कसबा पेठेत. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, ही पुण्यातली तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची जुनी वस्ती, पेशवाईपासूनची, त्वष्टा कासार समाजाची. दुपारी गल्लीत शिरलं की आधी ठोक्यांचा आवाज येतो आणि मग माणसं दिसतात. बंबांची मागणी गेली, घरात तांब्याची भांडी कमी झाली, तशी हात चालवणारी घरंही कमी झाली. जे करतात त्यांचा हात मात्र बघत राहावा.

मठारकाम म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने पत्र्यावर एकाला एक लागून ठोके टाकत जायचं, प्रत्येक ठोक्याचा एक छोटा चपटा डोळा उमटतो आणि हजारो डोळ्यांवरून उजेड वेगवेगळ्या कोनात परततो. दिसायला छान म्हणून ते करतात हे खरं, पण मूळ कारण धातूचं आहे, ठोकल्याने तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडं आकार धरून राहतं. मला दोन्ही हवंय.

मी ज्यांच्याकडे जाते त्या काकांनी कागदी फर्मा उलटसुलट करून बघितला. म्हणाले, "ताई, हे भांडं नाही, याला तळ नाही न् काठ नाही, ठोका टाकला की पत्रा पळणार." बरोबर आहे, भांड्याच्या गोलाईत ताण सगळीकडे सारखा वाटला जातो, सपाट तुकडा एका बाजूने ठोकला की वळतो. मग त्यांनीच मार्ग काढला. आधी मोगरीने (लाकडी हातोडीने) बाक द्यायचा, मग कडेकडून आत ठोके आणायचे, दोन ओळी झाल्या की पालथा घालून बघायचं. हातोडीचं तोंड त्यांनी कापडावर पॉलिश घेऊन आरशासारखं केलं, त्यावर केसाएवढा ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्यात छापला जातो. त्यांच्या ओळी बघताना लक्षात आलं की डोळा हातोडीवर नसतोच, तो पुढचा ठोका जिथे पडणार तिथे असतो, आणि डावा हात पत्रा इतका थोडा सरकवतो की सरकवलेला दिसतही नाही.

२४ जून

सॅम्पल आलं, तळहाताएवढं. सुंदर. कडक इतकं की दोन्ही हातांनी वाकवायला जोर लावावा लागतो.

म्हणून आज मोठा निर्णय घेतला, डाख (तापवून, धातू वितळवून केलेला जोड) नाही. डाख द्यायचा म्हणजे पूर्ण तुकड्याला ताव द्यावा लागणार, तांबं लाल झालं की मठाराने आलेला सगळा कडकपणा गेला, पत्रा पुन्हा मऊ. काकांची मेहनत फक्त नक्षी म्हणून उरेल. सगळे जोड न तापवता करायचे, रिवेटने, म्हणजे भोकातून तार घालून तिची दोन्ही टोकं ठोकून.

इथे अलेक्झांडर काल्डर मदतीला येतो. हवेत लटकणारी त्याची मोबाईल शिल्पं सगळ्यांना माहीत आहेत, पण त्याने आयुष्यात १८०० च्या आसपास दागिने केले, बहुतेक पितळेच्या आणि चांदीच्या तारेचे, ऐरणीवर ठोकून चपटे केलेले, आणि डाख जवळपास कुठेच नाही, तार गुंडाळायची, अडकवायची, नाहीतर रिवेट मारायचा. कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमने १९४२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या स्वतःच्या गॅलरीच्या उद्घाटनाला एका कानात काल्डरचा झुमका घातला आणि दुसऱ्या कानात चित्रकार इव्ह तांगीचा, अमूर्तवाले (काल्डर) आणि सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नातल्यासारखं चितारणारे (तांगी), दोघांनाही सारखा मान म्हणून. हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो, त्या झुमक्याचे जोड कसे केलेत हे मात्र कुणी बघत नाही. मी आज संध्याकाळभर तेच बघत होते, मोठे करून.

१ जुलै

लाईट टेस्ट. माझ्या मते या प्रोजेक्टचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. तिच्या रिहर्सलच्या हॉलमध्ये लाईटवाल्या दादांनी चार दिवे लावून दिले, मी सॅम्पल तिच्या कॉलरबोनवर टेपने चिकटवलं आणि मागे शेवटच्या भिंतीला जाऊन उभी राहिले.

पांढऱ्या उजेडात मठार नुसता पेटला, ती श्वास घेते तरी चमक हलते. अंबर (पिवळसर-नारिंगी) दिव्यात तांबं आणि कातडी एक झाली, दागिना कुठे संपतो कळेना, तरी चमक दिसत होती. मग निळा लावला आणि तांबं गेलं. काळपट पट्टी, बस. शेवटचा जवळपास सगळा भाग निळ्यात आहे तिचा. तांबं लाल-नारिंगी परत देतं आणि निळा बराचसा गिळतं, म्हणून तर ते तांबूस दिसतं, आणि निळ्यात परत द्यायला त्याच्याकडे फारसं काही नसतं. चांदी सगळे रंग जवळपास सारखे परत देते. खिशातली चांदीची तार काढून सॅम्पलच्या कडेला धरली तर निळ्यात ती रेघ भिंतीपासून स्वच्छ दिसली.

म्हणजे बाहेरच्या कडेने चांदीची तार हवी. आतापर्यंत चांदी मी फक्त कातडीच्या बाजूला, घामासाठी धरली होती, आता ती आकार वाचवायला पुढे आली. डिझाईन यामुळे जास्त चांगलं झालं, पांढऱ्यात चमक बोलेल आणि निळ्यात रेषा.

२ जुलै

वजन पुन्हा मांडलं. २ मिमी गोल तार, ५५ सेंमी, साधारण १८ ग्रॅम. तांबं ०.८ ठेवलं तर १५० च्या वर जातं. तांबं ०.७ वर आणलं, १०० ग्रॅम. १०० अधिक १९ अधिक १८, १३७, वर रिवेट. तारेमुळे कडेला ताठपणा येणार म्हणून ०.७ चालेल, काकांशी फोनवर बोलून घेतलं, ते म्हणाले चालेल पण बाक आधी जास्त द्यावा लागेल.

५ ते ९ जुलै

पत्रा कापणं, कानस, कडा मोडणं. अंगाला लागणारी प्रत्येक कड बोट फिरवून आणि मग नायलॉनचा पायमोजा ओढून तपासली, मोजा कुठेही अडकला की पुन्हा कानस. तुकडे आळीत पोचवले.

१५ जुलै

तार ओढली. ९२.५ ची चांदी आटवून कांब पाडली आणि जंतरातून (लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून) एकेक भोक खाली आणत २ मिमीवर आणली. मध्ये मध्ये ताव. ताव देताना खिडकीवर काळं कापड टाकते कारण तो मंद लाल रंग उजेडात दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत थांबलं तर चांदी वितळायच्या जवळ गेलेली असते. नंतर कोमट लिंबूफुलाच्या पाण्यात टाकून काढली, बांबूच्या चिमट्याने. लोखंडी चिमटा त्या पाण्यात गेला तर पाण्यात उतरलेलं तांबं चांदीवर गुलाबी होऊन बसतं. नव्याने शिकणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

पावसात शेगडीजवळ काम करायला बरं वाटतं पण दमट हवेत चांदी एका रात्रीत पिवळसर पडते, झाकून ठेवावी लागते.

१८ जुलै

तिन्ही तुकडे आळीतून आले. मी काही लिहिण्यापेक्षा एवढंच नोंदवते की लांब पंखाच्या टोकाला, जिथे पत्रा निमुळता होत जातो, तिथे काकांनी ठोके आपोआप लहान करत नेलेत, शेवटचे अगदी राईएवढे. मी सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाले, "जागा लहान झाली ना." बिलात त्यांचं नाव कामासोबत जाईल, आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत पण घाला असं तिला सांगितलंय, ती लगेच हो म्हणाली. इथे नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

२२ जुलै

कडेची तार बसवली. गोल तार दर ४ सेंमीवर ऐरणीवर चपटी केली, त्या चपट्या जागी १ मिमीचं भोक, खाली तांब्यात तसंच भोक, मधून चांदीची तार आणि दोन्हीकडून डोकं. रिवेटची तार दोन्ही बाजूंनी जाडीच्या निम्म्याएवढी बाहेर ठेवायची, जास्त ठेवली तर वाकते, कमी ठेवली तर डोकं होत नाही. आधी एक भोक, एक रिवेट, मग दुसऱ्या टोकाचा, मग मधले. सगळी भोकं एकदम पाडून ठेवली तर शेवटची जुळत नाहीत. चपट्या जागा पुढून दिसतात आणि दिसू द्यायच्यात, जोड आहे तर जोड दिसला पाहिजे.

जोडण्याआधी तांब्याला मागून लॅकर आणि पुढून मेण दिलं. चांदी आणि तांबं एकमेकांना टेकलेले असताना मध्ये घाम गेला तर तांबं जास्त जलद खराब होतं, म्हणून मध्ये काहीतरी आड हवंच.

२६ जुलै

तिन्ही तुकडे एकमेकांवर फिरले पाहिजेत पण वाजता कामा नयेत. धातूवर धातू घासला की बारीक किरकिर येते आणि शांत जागी ती माईकमध्ये जाते. सांध्यात पातळ चामड्याचे वायसर टाकले. आवाज बंद, फिरणं घट्ट आणि मऊ.

मागची बांधणी मात्र मी ठुशीकडून घेतली. आपल्या ठुशीला, चिंचपेटीला मागे रेशमी गोफ असतो, ओढला की गळ्याला हवा तसा बसतो, प्रत्येक बाईच्या मापाला एकच दागिना चालतो. आकडा नाही, फिरकी नाही, दोन्ही हात मागे नेऊन धडपड नाही. गाठवणाऱ्या काकांकडून काळा गोफ करून घेतला, सरकता मणी चांदीचा. ज्याने कुणी हे पहिल्यांदा केलं त्याने गळ्यात घालणारीचा विचार केला होता.

३ ऑगस्ट

ट्रायल. ती पूर्ण तुकडा नाचली. लांब पंख एका गिरकीत किंचित उचलला जात होता, त्याच्या खालच्या कडेला मोगरीने थोडा आतला बाक दिला, मग बसला. निळ्या दिव्यात शेवटच्या भिंतीवरून नुसती एक चांदीची वळणदार रेघ दिसते, माणसाच्या हालचालीबरोबर उघडते आणि मिटते. मला जे हवं होतं तेच.

काकू आल्या होत्या. हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. मग वजन विचारलं. १४१ ग्रॅम. मग म्हणाल्या, तांब्याला एवढे पैसे लोक देतात का.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक अ‍ॅनी अल्बर्स आणि अलेक्स रीड या कलाकारांची. मेक्सिकोत मॉन्टे अल्बानला सापडलेला दागिन्यांचा खजिना बघून दोघांनी १९४० च्या सुमाराला सिंकची जाळी, पेपरक्लिप, वायसर असल्या वस्तूंचे हार केले, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या हाताने घडवलेल्या आधुनिक दागिन्यांच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. दुसरी ओटो क्यून्झली या ज्वेलरची. १९८० मध्ये त्याने काळ्या रबराची बांगडी केली आणि सोन्याची गोळी तिच्या आत बंद केली. वरून फक्त एक फुगवटा दिसतो, सोनं आहे यावर विश्वास ठेवायचा. मोडीत घालायची तर आधी दागिना कापावा लागेल.

काकू म्हणाल्या, म्हणजे ज्याने बनवलं त्याच्यावर विश्वास. हो, तेवढंच विकत घ्यायचं असतं माझ्याकडून. त्यावर त्या बोलल्या नाहीत, पण सांधा पुन्हा पुन्हा फिरवून बघत होत्या.

१० ऑगस्ट

फिनिश. गंधकाच्या द्रावणात बुडवून तांबं काळं करून मग वरची चमक काढायची हा नेहमीचा मार्ग, सॅम्पलवर करून बघितला, जवळून फार देखणा दिसतो पण लांबून अर्धा उजेड खातो. नको. तांबं उजळच ठेवलं, पुन्हा मेण. वापराने जो रंग चढेल तो चढू दे.

१४ ऑगस्ट

बिल. काकूंना कबूल केलं होतं तसं वेगवेगळं लिहिलं. चांदी ४० ग्रॅम, शुद्धता ९२.५, त्या दिवसाच्या भावाने, आणि पुढे लिहिलं की एवढ्याची मोड कधीही मिळेल. तांबं. आळीतली मजुरी. गोफ. मग माझं डिझाईन आणि हातकाम, हा आकडा सगळ्यात मोठा आणि तो एका ओळीत न लपवता कापणं, तार, रिवेट, ट्रायल असा फोडून दिला. खाली लिहिलं की दुरुस्ती कायम माझ्याकडे, फुकट. स्टुडिओत काम करणाऱ्या सगळ्यांनीच असं फोडून द्यावं असं माझं ठाम मत आहे. सराफाकडे घडणावळ टक्क्यांत लागते म्हणून गिऱ्हाईकाला वाटतं हातकाम म्हणजे धातूच्या वरचा थोडासा भाग, आणि आपणच आकडा दाखवला नाही तर हे बदलणार कसं.

३१ ऑगस्ट

कार्यक्रम झाला. गळ्यातलं तपासायला परत आलंय. कातडीला हिरवं लागलं नाही, चांदीच्या पट्टीने काम केलं. उजव्या सांध्याचा वायसर घामाने फुगलाय, तो बदलते आणि नवीन चामडं आधी मेणात बुडवून घेते, बाकीच्या सांध्यांनाही तेच करायचं. एका रिवेटचं डोकं बसवलं. पुढून मेण पुन्हा. तिला सांगायचं आहे की काढल्यावर लगेच सुती कापडाने कोरडं करायचं, चिंच-लिंबू लावायचं नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही, आणि गोफ दरवर्षी बदलून घ्यायचा.

काकूंचा मेसेज आलाय, त्यांना मनगटावर घालायला काहीतरी हवंय, असाच मठार, चांदी थोडी जास्त. ०.९ चा पत्रा मागवलाय, गुरुवारी मनगटाचं माप घ्यायला जाते.